रोजकीर्द, खतावणी आणि मुलांची समज

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात मागील पन्नास वर्षांचा हिशेब मांडला जातो. कोणत्या वास्तू उभ्या राहिल्या, किती विद्यार्थ्यांना साहाय्य मिळाले, कोणी दान दिले, कोणी आयुष्य वेचले, याची कृतज्ञतापूर्वक नोंद होते आणि ती झालीच पाहिजे. त्याचबरोबर पुढील पन्नास वर्षे ज्यांच्या हाती जाणार आहेत, त्या मुलांच्या शिक्षणाचा विचारही अशा प्रसंगी होणे उचित ठरते. समाजातील घराघरांत आज शिक्षण ही खर्चाची मोठी बाब झाली आहे. शाळेची फी, शिकवणी, गाईड, येण्याजाण्याचा खर्च, या सर्वांसाठी आईवडील पोटाला चिमटा घेतात. या खर्चाच्या मोबदल्यात मुलाच्या पदरात केवळ गुण पडतात की ज्ञानही पडते, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय याच प्रश्नाशी निगडित आहे. शिक्षणशास्त्रात ज्याला ‘संकल्पना-नकाशा’ म्हणतात ते साधन काय आहे, त्याने मुलांचा अभ्यास आणि सृजनशीलता यांना कोणता लाभ होतो आणि तो लाभ कोणत्या चुकीने हातचा जातो, याचा येथे विचार करावयाचा आहे.

पाठ झालेले आणि समजलेले

पाचवी-सहावीतील एखाद्या हुशार मुलाला ‘बाष्पीभवन म्हणजे काय’ असे विचारावे. तो एका श्वासात व्याख्या सांगतो. शब्द इकडचा तिकडे होत नाही. त्यालाच पुढे विचारावे, ‘पावसाळ्यात दोरीवरचे ओले कपडे दोन-दोन दिवस का वाळत नाहीत?’ पुष्कळदा येथे तो थांबतो. ‘ऊन नसते म्हणून’ असे अर्धे उत्तर येते. घरातील पंख्याखाली, उन्हाचा कवडसाही नसताना, तेच कपडे वाळतात हे त्याने पाहिलेले असते. हवेत आधीच भरलेली वाफ नव्या वाफेला वाव कमी देते, ही गोष्ट त्याच्या पुस्तकात दुसऱ्या पानावर ‘आर्द्रता’ या मथळ्याखाली असते. ती व्याख्याही त्याला पाठ असते. दोन व्याख्या एकाच डोक्यात शेजारी राहतात. त्यांची एकमेकींशी ओळख मात्र झालेली नसते.

यात मुलाचा दोष नाही. परीक्षेने त्याला व्याख्या विचारली, त्याने व्याख्या दिली आणि पूर्ण गुण मिळवले. उणीव गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणून ती घरातही दिसत नाही. ती दिसते पुढे, वरच्या इयत्तेत गेल्यावर. तेथे प्रश्न फिरवून विचारले जातात आणि दहावीपर्यंत उत्तम गुण मिळवणारा मुलगा अकरावीत अकस्मात मागे पडतो. आईवडील म्हणतात, ‘याचे लक्ष उडाले.’ लक्ष उडालेले नसते. पाया भरताना विटा रचल्या गेल्या, पण त्यांच्यामध्ये चुना पडलाच नव्हता.

पाठांतराला कमी लेखण्याचे येथे कारण नाही. पाढे, शब्दरूपे, कविता, स्तोत्रे मुखोद्गत असणे हे धन आहे. स्मरणात काहीच नसेल तर विचार कशाच्या आधारे करावयाचा? प्रश्न इतकाच की स्मरणात साठवलेला माल मांडून ठेवला आहे की नुसता रचून ठेवला आहे.

रोजकीर्द आणि खतावणी

व्यापारी समाजाला ही गोष्ट एका उदाहरणाने सहज समजेल. दुकानात दिवसभर जे व्यवहार होतात ते रोजकीर्दीत तारखेप्रमाणे उतरतात. सकाळी कोणी पैसे दिले, दुपारी कोणी उधार नेले, सायंकाळी कोणाची हुंडी आली, सर्व काही तेथे असते. नोंद एकही चुकलेली नसते. तरी एखाद्या व्यापाऱ्याकडून किती येणे आहे असे विचारले, तर नुसत्या रोजकीर्दीवरून उत्तर देता येत नाही. त्यासाठी खतावणी लागते. प्रत्येक रक्कम त्या त्या खात्यावर नेऊन मांडावी लागते. तेव्हाच व्यवहारांचे परस्परसंबंध दिसतात, तेरीज जुळते आणि ताळेबंद निघतो.

मुलाचे पाठ्यपुस्तक आणि वही ही त्याची रोजकीर्द होय. जूनमध्ये एक धडा, जुलैमध्ये दुसरा, दिवाळीनंतर तिसरा, अशा क्रमाने नोंदी होत जातात. त्या नोंदी खात्यांवर कोणी न्यावयाच्या? शिक्षक साठ मुलांच्या वर्गात ते काम प्रत्येकासाठी करू शकत नाही. करू शकला तरी उपयोग नाही, कारण ही खाती मुलाच्या मनात उघडावयाची असतात. संकल्पना-नकाशा म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने घातलेली खतावणी होय.

या साधनाचा जन्म

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६३ मध्ये आणि पुढे १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतून अर्थपूर्ण अध्ययनाचा सिद्धान्त मांडला. त्याचा आशय असा की नवे ज्ञान हवेत तरंगत नाही. ते मुलाला आधीपासून जे माहीत आहे त्याला जाऊन चिकटते. म्हणून शिकवणाऱ्याने प्रथम मुलाला काय माहीत आहे ते शोधावे आणि मग शिकवावे. अर्थपूर्ण अध्ययनासाठी तीन गोष्टी आवश्यक ठरतात. शिकण्याचा विषय अर्थपूर्ण हवा, त्याला जोडून घेण्याजोगे पूर्वज्ञान मुलाजवळ हवे आणि तसे जोडून घेण्याची मुलाची इच्छा हवी. पहिल्या दोन गोष्टी शाळा पुरवू शकते. तिसरी मुलाच्या स्वाधीन असते. तिला पोषक किंवा मारक वातावरण घर, परीक्षा आणि समाज निर्माण करतात.

ऑसुबेल यांच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन कॉर्नेल विद्यापीठातील प्राध्यापक जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी लहान मुलांच्या विज्ञानविषयक समजुतींचा अभ्यास करीत होते. पहिली-दुसरीतील मुलांना ध्वनिफीत आणि प्रत्यक्ष साहित्य यांच्या साहाय्याने पदार्थाचे कण, ऊर्जा अशा विषयांचे पाठ दिले गेले आणि त्यानंतर त्यांच्या मुलाखती वर्षानुवर्षे घेतल्या गेल्या. मुलाखतींच्या लेखी प्रतींचे ढीग साचले. मूल काय म्हणते ते कळत होते, पण गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या समजुतीत नेमका कोणता फरक पडला हे त्या ढिगातून निवडणे दुरापास्त झाले. तेव्हा १९७२ मध्ये या गटाने मुलाच्या बोलण्यातील संकल्पना चौकटीत लिहून त्या रेषांनी जोडण्याची आणि रेषेवर संबंध दर्शवणारे शब्द लिहिण्याची पद्धत काढली. पानोपानीच्या मुलाखतीचे सार एका कागदावर आले. संशोधकांनी आपल्या सोयीसाठी काढलेले हे साधन पुढे विद्यार्थ्यांच्याच हाती देण्यात आले. नोव्हाक आणि बॉब गोविन यांचा ‘लर्निंग हाऊ टु लर्न’ हा ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ही पद्धत जगभर पोहोचली.

त्या मूळ अभ्यासाचे फलित १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. आरंभी पाठ मिळालेली १९१ मुले आणि पाठ न मिळालेली ४८ मुले यांचा मागोवा बारावीपर्यंत घेण्याचा तो प्रयत्न होता. सहा-सात वर्षांच्या वयात ज्यांना मूलभूत कल्पना समजावून दिल्या होत्या, त्यांच्या योग्य समजुती पुढील इयत्तांतही अधिक आणि गैरसमजुती कमी आढळल्या. लहान मुलाला अमूर्त गोष्टी कळत नाहीत, हा समज त्यामुळे बराच ढिला पडला. बालवयात नीट जुळलेला एक दुवा दहा-दहा वर्षे कामास येतो, हा त्याचा बोध आहे.

नकाशा कसा काढावा

या साधनाला महागडे साहित्य लागत नाही. कोरा कागद, पेन्सिल आणि खोडरबर पुरे. प्रथम एक केंद्रप्रश्न ठरवावा. नुसते ‘कापड’ असे लिहिण्यापेक्षा ‘एक कापड दुसऱ्यापेक्षा वेगळे कशामुळे होते?’ असा प्रश्न घेतला तर विचाराला दिशा मिळते. मग त्या प्रश्नाशी संबंधित पंधरा ते पंचवीस संकल्पना सुचतील तशा बाजूला लिहाव्यात. तंतू, कापूस, सूत, काउंट, पीळ, वीण, ताणा, बाणा, पोत, मलमल, मांजरपाट, अशी यादी होईल. त्यांतील सर्वांत व्यापक संकल्पना वर, विशिष्ट त्याखाली आणि उदाहरणे तळाशी, अशी मांडणी करावी. शेवटी रेषा ओढाव्यात आणि प्रत्येक रेषेवर जोडशब्द लिहावेत.

जोडशब्द हा या नकाशाचा प्राण होय. ‘कापड’ आणि ‘सूत’ यांच्यामध्ये नुसती रेषा ओढली तर काहीच सांगितले जात नाही. रेषेवर ‘विणले जाते’ असे लिहिले की ‘कापड सुतापासून विणले जाते’ असे पूर्ण विधान तयार होते. विधान झाले की ते खरे आहे की खोटे, हे तपासता येते. ‘मलमल’ आणि ‘मांजरपाट’ ही दोन नावे मुलाने नकाशात शेजारी ठेवली की प्रश्न निर्माण होतो. दोन्ही कापसाची, दोन्ही साध्या विणीची; मग एक तलम आणि दुसरे जाडेभरडे का? उत्तरासाठी त्याला सुताच्या जाडीकडे आणि धाग्यांच्या घनतेकडे जावेच लागते.

टोनी बुझान यांनी १९७४ पासून लोकप्रिय केलेला ‘माइंड मॅप’ आणि हा संकल्पना-नकाशा एकच आहेत असे अनेकांना वाटते. माइंड मॅपमध्ये मध्यभागी एक विषय आणि त्यातून फुटलेल्या रंगीत फांद्या असतात. कल्पना पटापट गोळा करण्यास तो उपयोगी आहे. संकल्पना-नकाशात रेषेवरील शब्दांमुळे प्रत्येक संबंध उघड सांगावा लागतो. तेथे अंदाजाने भागत नाही.

चूक दिसणे हा लाभ

सुताच्या नंबराचेच उदाहरण घ्यावे. इंग्रजी पद्धतीत, ८४० वारांची एक लड अशा किती लडी एका पौंडात बसतात, त्यावरून सुताचा काउंट ठरतो. एका पौंडात जितक्या अधिक लडी, तितके सूत बारीक. म्हणून ८० नंबरचे सूत ४० नंबरच्या सुतापेक्षा तलम असते. नवशिक्या मुलाच्या नकाशात मात्र बहुधा ‘काउंट वाढला की सूत जाड होते’ असे विधान सापडेल, कारण अन्यत्र सर्वत्र आकडा मोठा म्हणजे वस्तू मोठी असा त्याचा अनुभव असतो. लेखी परीक्षेत त्याने काउंटची व्याख्या बिनचूक लिहिली असती आणि हा गैरसमज आत तसाच राहिला असता. नकाशाने तो कागदावर आणला.

जलचक्राच्या नकाशातही असेच घडते. ‘ढग म्हणजे वाफ’ हे विधान मुले सर्रास लिहितात. वाफ डोळ्यांना दिसत नाही. दिसणारा ढग पाण्याच्या सूक्ष्म थेंबांचा किंवा हिमकणांचा बनलेला असतो. चुकीचा जोडशब्द दिसताच शिक्षकाला कळते की कोठे थांबून बोलावयाचे आहे. तेरीज जुळत नाही तेव्हा जाणता व्यापारी मुनिमावर संतापत नाही. तो चुकलेली रक्कम शोधतो. पालकांनीही मुलाच्या नकाशातील चुकीकडे त्याच दृष्टीने पाहावे. चूक झाकण्याची सवय लागलेला मुलगा नकाशा काढणारच नाही, तो पुस्तकातील वाक्ये उतरवून मोकळा होईल.

आडवे दुवे आणि सृजनशीलता

सृजनशीलता म्हणजे चित्रकला, संगीत किंवा हस्तकला, असा एक समज समाजात रूढ आहे. मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० मध्ये अमेरिकन मानसशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून या विषयाकडे संशोधकांचे लक्ष वेधले. पुढे एलिस पॉल टॉरन्स यांनी १९६६ मध्ये सृजनशील विचारांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. एका प्रश्नाची अनेक उत्तरे सुचणे, वेगवेगळ्या अंगांनी विचार करता येणे, उत्तरात नावीन्य असणे आणि कल्पना तपशिलाने फुलवता येणे, या गुणांचा त्यात विचार होतो. हे गुण विज्ञान, गणित, शेती आणि व्यापार यांतही तितकेच लागतात.

नोव्हाक यांच्या मते सृजनशीलता ही अर्थपूर्ण अध्ययनाचीच वरची पायरी आहे. नकाशाच्या एका भागातील संकल्पना दूरच्या दुसऱ्या भागातील संकल्पनेशी जोडणारी जी रेषा असते तिला आडवा दुवा म्हणता येईल. १९८४ च्या ग्रंथात नकाशाला गुण देण्याची एक पद्धत सुचवलेली आहे. तीत प्रत्येक योग्य विधानाला एक गुण, मांडणीतील प्रत्येक योग्य पातळीला पाच गुण आणि प्रत्येक अर्थपूर्ण आडव्या दुव्याला दहा गुण आहेत. एका आडव्या दुव्याचे मोल दहा सुट्या विधानांइतके धरले आहे. दुहेरी नोंद पद्धतीत एकच रक्कम दोन खात्यांवर जाते आणि त्या दोन खात्यांचे नाते उघड होते. आडवा दुवा हेच काम करतो.

मघाच्या दोन उदाहरणांकडे पुन्हा पाहावे. एका मुलाने जूनमध्ये जलचक्राचा आणि डिसेंबरमध्ये कापडाचा नकाशा काढला. दोन्ही कागद शेजारी ठेवून त्याला एकच प्रश्न विचारावा, ‘या दोघांमध्ये कोठे रेषा ओढता येईल?’ तो विचार करू लागतो. सुती कापड पाणी शोषते. पॉलिएस्टर फारच थोडे शोषते. शोषलेले पाणी बाष्पीभवनाने जाते. हवा दमट असेल तर ते सावकाश जाते. म्हणून पावसाळ्यात सुती गणवेश वाळत नाही आणि उन्हाळ्यात तोच सुती गणवेश घाम शोषून सुखावतो. मग शाळेने वर्षभर एकच गणवेश का ठेवावा? दोन्ही तंतूंचे मिश्रण किती असावे? पीळ किंवा वीण बदलून काही साधेल काय? हे प्रश्न त्याच्या पुस्तकात नाहीत. ते त्याचे स्वतःचे आहेत. त्याची उत्तरे कदाचित चुकतील, पण ज्या रीतीने नवे सुचते त्या रीतीचा पहिला पाठ त्याने गिरवलेला असतो.

इतिहासही हेच सांगतो. चार्ल्स डार्विन यांच्या १८३७ च्या टिपणवहीत सजीवांच्या नात्यांचे फांद्या फुटलेल्या झाडासारखे एक छोटे रेखाचित्र आहे. पुढच्या वर्षी, १८३८ मध्ये, त्यांनी लोकसंख्येवरील थॉमस माल्थस यांचा निबंध वाचला. अर्थशास्त्राच्या दालनातील तो विचार त्यांनी प्राणिसृष्टीच्या दालनात नेऊन जोडला आणि नैसर्गिक निवडीची कल्पना त्यांना गवसली. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १८५९ मध्ये. माल्थस अनेकांनी वाचला होता. ज्याच्या मनात सजीवसृष्टीची खाती आधीच नीट मांडलेली होती, त्यालाच ती नोंद कोठे न्यावयाची हे कळले. नकाशे काढल्याने प्रत्येक मूल शास्त्रज्ञ होईल असा दावा कोणी करू नये. ज्या जमिनीत नवे उगवते ती जमीन मात्र अशीच तयार होते.

संशोधनाचा कौल

कोणत्याही पद्धतीची भलावण करण्यापूर्वी तिचा ताळा पाहणे हे व्यवहारी माणसाचे लक्षण आहे. २००६ मध्ये जॉन नेस्बिट आणि ओलुसोला अडेसोपे यांनी पूर्वीचे ५५ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत चौथीपासून महाविद्यालयापर्यंतचे ५,८१८ विद्यार्थी होते. नुसते वाचणे, व्याख्यान ऐकणे किंवा वर्गचर्चा यांच्या तुलनेत नकाशे वापरणाऱ्यांना ज्ञान टिकवून ठेवण्यात लाभ झाल्याचे दिसले. २०१८ मध्ये अडेसोपे आणि अन्य संशोधकांनी ११,८१४ विद्यार्थ्यांच्या माहितीवर पुन्हा तपासणी केली. तीत एक महत्त्वाचा फरक समोर आला. दुसऱ्याने तयार केलेला नकाशा अभ्यासणाऱ्यांचा लाभ सांख्यिकीच्या प्रमाणित मापाने ०.४३ इतका, तर स्वतः नकाशा काढणाऱ्यांचा ०.७२ इतका निघाला.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील जेफ्री कार्पिकी आणि जॅनेल ब्लंट यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने विज्ञानविषयक उतारा समोर ठेवून संकल्पना-नकाशा काढला. दुसऱ्या गटाने उतारा वाचला, बाजूला ठेवला आणि जे आठवले ते लिहून काढले. मग पुन्हा वाचून पुन्हा लिहिले. आठवड्यानंतर परीक्षा झाली तेव्हा आठवून लिहिणारा गट सरस ठरला. स्वतः विद्यार्थ्यांचा अंदाज मात्र उलट होता. आठवून लिहिण्याने कमी लक्षात राहील असे त्यांना वाटले होते. याच संशोधकांनी २०१४ मध्ये पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात उतारा बाजूला ठेवून, स्मरणातून नकाशा काढावयास सांगितले. तेव्हा नकाशा हे साधनही आठवून लिहिण्याइतकेच परिणामकारक ठरले.

हे प्रयोग मोठ्या विद्यार्थ्यांवरील असले तरी त्यांतून निघणारा नियम लहानांनाही लागू करून पाहण्याजोगा आहे. पुस्तक समोर उघडे ठेवून काढलेला नकाशा पुष्कळदा नक्कल ठरतो. वही मिटून, आठवून, अडखळत, खोडत काढलेला नकाशा मनात उतरतो. पुस्तक उघडावे ते नंतर, आपला नकाशा तपासण्यासाठी.

तयार नकाशांचा बाजार

येथेच आजच्या काळाचा खरा धोका आहे. भारतात राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने घोकंपट्टीपासून दूर जाण्याचा आणि शाळेतील ज्ञान बाहेरच्या जीवनाशी जोडण्याचा आग्रह धरला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही पाठांतरापेक्षा संकल्पनांच्या आकलनावर भर दिला आहे. मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात, संकल्पना-नकाशांतील जोडशब्द अधिक नेमके कसे करावेत यावर संशोधन झालेले आहे. अशा अनुकूल वातावरणात हे साधन वर्गावर्गांत पोहोचावे ही अपेक्षा स्वाभाविक आहे. ते पोहोचतही आहे, पण पुष्कळदा तयार मालाच्या रूपाने. गाईडमध्ये धड्याच्या शेवटी सुबक नकाशा छापलेला असतो. शिकवणीत त्याच्या प्रती वाटल्या जातात. आता तर संगणकाला धड्याचे नाव सांगितले की क्षणार्धात रंगीत नकाशा समोर येतो. मूल तो नकाशा पाठ करते आणि परीक्षेत जसाच्या तसा उतरवते. घोकंपट्टी गेली नाही. तिने फक्त चौकटींचे वस्त्र पांघरले.

दुसऱ्याच्या दुकानाची खतावणी कितीही सुवाच्य असली तरी तिच्यावरून आपली येणी वसूल होत नाहीत. नकाशाचे मोल कागदावरच्या चित्रात नसून तो काढताना झालेल्या विचारात आहे. मुलाच्या वाकड्यातिकड्या अक्षरातील, खाडाखोड झालेला, दोन चुका असलेला नकाशा हा विकतच्या निर्दोष नकाशापेक्षा अधिक मोलाचा आहे. ही एकच गोष्ट आजच्या व्याख्यानातून घरी नेली तरी श्रोत्यांचा वेळ सत्कारणी लागला असे म्हणता येईल.

घराने, शाळेने आणि संस्थेने काय करावे

घरी पालकांना विषय येत नसला तरी चालतो. आठवड्यातून एकदा, वीस मिनिटे, मुलाने नुकत्याच शिकलेल्या धड्याचा नकाशा वही मिटून काढावा. आईने किंवा आजोबांनी एखाद्या रेषेवर बोट ठेवून विचारावे, ‘हे याला का जोडलेस?’ मुलाने बोलून सांगावे. ज्या घरात पाठ्यपुस्तकाची भाषा आणि घरची भाषा वेगळी आहे, तेथे प्रथम घरच्या भाषेत सांगू द्यावे. समज आधी आली की इंग्रजी शब्द मागून येतात. ज्यांना अद्याप भरभर लिहिता येत नाही अशा लहान मुलांसाठी चिठ्ठ्यांवर एकेक शब्द किंवा चित्र काढून द्यावे आणि त्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडावयास सांगावे. सुरुवात पाच-सहा शब्दांपासून करावी. सहा महिन्यांनी तोच विषय पुन्हा घेऊन जुना आणि नवा कागद शेजारी ठेवावा. आपण किती पुढे आलो हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. त्या आनंदाची सर इतर बक्षिसांना येत नाही.

शाळेत शिक्षकांनी धडा सुरू होण्यापूर्वी एक आणि संपल्यावर एक असे दोन नकाशे काढून घ्यावेत. पहिल्यावरून मुलांना आधी काय माहीत आहे ते कळेल, दुसऱ्यावरून काय जोडले गेले ते कळेल. या नकाशांना आरंभी गुण देऊ नयेत. गुण आले की नक्कल आली. तीन-चार मुलांच्या गटाने मिळून एक नकाशा काढला तर जोडशब्दावरून त्यांच्यात वाद होतो आणि त्या वादात सर्वांचेच शिक्षण होते. संगणक उपलब्ध असेल तेथे फ्लोरिडातील मानव व यंत्र आकलन संस्थेने तयार केलेले सीमॅपटूल्स हे विनामूल्य साधन वापरता येईल, परंतु कागद-पेन्सिलीने काम अडत नाही.

आता समाजाच्या संस्थांविषयी. दरवर्षी ठिकठिकाणी विद्यार्थ्यांचे गुणगौरव समारंभ होतात. टक्केवारी वाचली जाते, टाळ्या पडतात, पारितोषिक दिले जाते. ही परंपरा उत्तम आहे आणि तिने अनेकांना उभारी दिली आहे. तथापि समाज ज्याचा गौरव करतो, त्याच दिशेने मुले धावतात, हेही तितकेच खरे. केवळ टक्क्यांचा गौरव झाला तर टक्क्यांचीच कमाई होईल. त्या समारंभाला जोडून एक छोटा उपक्रम सुरू करता येईल. विद्यार्थ्याला कोरा कागद द्यावा, अर्धा तास द्यावा, पुस्तक जवळ नसावे. त्याने आपल्या आवडीच्या विषयाचा नकाशा काढावा आणि दोन वडीलधाऱ्यांना तो बोलून समजावून सांगावा. ज्याच्या नकाशात एखादा अनपेक्षित पण खरा आडवा दुवा सापडेल, त्याचा सत्कार व्हावा. मग त्याची टक्केवारी साठ असो वा पंचाण्णव. संस्थांच्या अभ्यासिकांत संध्याकाळी एखादा निवृत्त शिक्षक, एखादा अभियंता, एखादी गृहिणी मुलांचे नकाशे ऐकावयास बसली तरी पुष्कळ काम होईल. यासाठी निधी लागत नाही. ऐकून घेणारा माणूस लागतो.

पन्नास वर्षांपूर्वी संस्थांचे संस्थापक गावोगाव फिरून निधी गोळा करीत, कारण मुलांना पुस्तके मिळत नसत. आजच्या मुलांभोवती पुस्तके, नोट्स आणि माहिती यांचा ढीग आहे. उणीव आहे ती त्या ढिगातून स्वतःची खाती घालण्याच्या सवयीची. ती सवय कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही आणि कोणी कोणाला दान म्हणूनही देऊ शकत नाही. मुलाच्या हाती कोरा कागद देऊन त्याच्याजवळ शांतपणे बसणे, एवढे मात्र प्रत्येक घराला शक्य आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजातील प्रत्येक घरी असा एक तरी कागद भरला जावा, हीच सर्वांना नम्र विनंती.